ते निवतंय

आत्या, चहातला ‘ह’ कुठून आला हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. “पुढच्या रविवारी सांगते” म्हणालीस आणि तो रविवार यायच्या आत आजारी पडलीस. ही काय पद्धत झाली? वाद अर्ध्यावर टाकून उठणाऱ्याला तूच पळपुटा म्हणायचीस.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही आणि रडायचं सोडून मी तुझ्याशी भांडतेय. ऑफिसमधून निघते, मारतहळ्ळीच्या पुलाखाली गाडी अडकते, आणि काचा बंद करून मी एकटीच मोठ्याने बोलत बसते. शेजारच्या ऑटोतली माणसं वळून बघतात. फोनवर बोलतेय असं समजत असतील. घरी आले तरी एका जागी बसवत नाही. आधण ठेवते, खिडकीशी जाते, कपडे आवरायला घेते, ते तसेच टाकून परत येते, तोवर पाणी आटलेलं असतं. परवा तर पातेलंच करपलं. ते घासताना वाटलं, तू असतीस तर म्हणाली असतीस, “हिला चहा येत नाही, पण चहाचा इतिहास येतो.”

इतिहास तूच शिकवलास. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे कानडी मुलखात आले तेव्हा आधी तुझ्याच घरी उतरले, इंदिरानगरला. पहिल्याच सकाळी तू विचारलंस, “टी घेणार?” आणि मी हसले. मी वाक्यावाक्यात इंग्रजी पेरणारी मुलगी, पण चहाला चहाच म्हणणारी. मी म्हटलं, आत्या, एवढी वर्षं परमुलखात राहून तू मराठी जपलीस असं घरी सगळे सांगतात आणि चहाला टी? कन्नड शाळेत इंग्रजी शिकवून शिकवून तू मडमच झालीस. शिवाय टी झाला म्हणायचं की टी झाली, तेवढं तरी ठरव.

तू चिडली नाहीस. चष्मा कपाळावर चढवलास. त्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता, नंतर चांगलाच कळला. शाळेतल्या मुलांची तुझा चष्मा वर गेला की पाचावर धारण बसत असणार.

“टी इंग्रजी आहे हे तुला कोणी सांगितलं?”

मग ते सुरू झालं. इंग्रजांकडे हा शब्द आला डचांकडून. डचांनी तो उचलला चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरून, फुजियान प्रांतातल्या बंदरांतून. तिथले व्यापारी त्यांच्या बोलीत या पानाला जे म्हणायचे तेच जहाजात भरून युरोपात गेलं. आणि इंग्रजसुद्धा सुरुवातीला टी म्हणत नसत, टे म्हणत, त्यांच्या जुन्या यमकांवरून ते कळतं. म्हणजे मी ज्याला इंग्रजी म्हणून नाक मुरडत होते तो शब्द इंग्रजांनीही उसनाच आणलेला. “आणि तुझा चहा काय देशावरून आला का?” तू विचारलंस. “तोही चिनीच. अक्षर एक. लिहितात सगळे सारखंच. कुणी चा वाचतं, कुणी दुसरं काही.”

तेवढ्यात अण्णा स्वयंपाकघरातून स्टीलचे पेले घेऊन आले. अण्णा म्हणजे तुझे यजमान. इकडच्या रिवाजाप्रमाणे बायकामुलांपासून पेपरवाल्यापर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणत. सगळे, म्हणजे तू सोडून. जन्मभर सरकारी कारखान्यात यंत्रांशी गाठ, पण सकाळचा चहा त्यांचा. ते म्हणाले, टी म्हणा नाहीतर चहा म्हणा, गरम आहे तोवर म्हणा. आपण दोघींनी निमूट पेले उचलले. त्यांच्या हातचा चहा फार गोड असायचा, दात शिवशिवतील इतका, आणि तू त्याला कधीच नावं ठेवली नाहीस. बाकी सगळ्या जगाला ठेवलीस.

मग मी मारतहळ्ळीला राहायला गेले, मग अण्णा गेले. त्यानंतर रविवारची सकाळ आपली झाली. तुझ्या लेकीने, अक्काने, देवनहळ्ळीला विमानतळाजवळ घर घेतलं होतं आणि ती तुला तिकडे बोलवत होती. तू जात नव्हतीस. भाजीवाला ओळखीचा आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, अशी कारणं सांगायचीस. मी आले की चहा तूच करायचीस आणि तो अण्णांच्या चहासारखा गोड व्हायचा नाही. मी एकदा तसं म्हणून बसले. तू उठून पेले विसळायला घेतलेस.

अशाच एका रविवारी मी तुला हरवायचं म्हणून मोबाइल काढला. ते फुजियानवाले व्यापारी नक्की काय म्हणायचे, ते शोधलं. मला वाटलं होतं काहीतरी वेडंवाकडं निघेल आणि मी तुझी फिरकी घेईन. उच्चार ऐकवणारं बटण दाबलं. आतून एक बाई स्वच्छ म्हणाली, “ते.”

परत दाबलं. “ते.”

तू हसायला लागलीस. किती हसलीस, आत्या. पेला खाली ठेवलास, पदर डोळ्यांना लावलास, श्वास घेतलास आणि परत हसलीस. “ते! अगं, ते म्हणतात? खरंच ते?” मला बटण पुन्हा पुन्हा दाबायला लावलंस. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद. मी म्हटलं देखील, एवढं काय त्यात, तमिळमध्ये अजून तेनीर म्हणतात, तेही तेच असणार. तू मान हलवलीस आणि डोळे पुसत राहिलीस.

त्या दिवसापासून तो आपला शब्द झाला. मी वादात रंगले, हात हलवून बोलायला लागले, की तू पेला माझ्याकडे सरकवून म्हणायचीस, “ते निवतंय.” झालं, वाद बंद. मी एकदा विचारलं, बाई, तू व्याकरणाची एवढी कडक, चहा तो, मग हे ते कसलं? तू म्हणालीस, चहा तो, पण ‘ते’ मात्र ते. चिनी माणसानेच लिंग ठरवून पाठवलंय. मी फार खूश झाले होते. एवढ्या मोठ्या गावात एका शब्दावर आपल्या दोघींचाच हक्क आहे, असं वाटायचं.

मग तो ‘ह’ आला. मी म्हणायचे, चहा खुष्कीच्या वाटेने आला, फारसीतून, हिंदीतला चाय तसाच आला. तू म्हणायचीस, मग य कुठे गेला? तुझं मत की आपला चहा गोव्याच्या बाजूने, पोर्तुगीजांकडून. ते चा म्हणतात. मी म्हणायचे, मग ह कुठून आला? तुझ्याजवळ उत्तर होतं, निदान तू तसं दाखवलंस. “सरी, स्वल्प थांब,” बरं, जरा थांब, असं आपलं अर्धं कानडी बोललीस, “पुढच्या रविवारी सांगते.”

त्या आठवड्यात तुझी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इस्पितळातून अक्काने तुला देवनहळ्ळीला नेलं. तुला जायचं नव्हतं, पण ते सांगायला शब्दच नव्हते. जन्मभर मुलांना शब्द शिकवले त्या बाईचे सगळे शब्द कुणी पुसून टाकावेत? मला अजून राग येतो. कुणावर, ते माहीत नाही. आणि त्या सगळ्या पसाऱ्यातून एकच शब्द वाचला. पहिल्यांदा तू तो म्हणालीस तेव्हा अक्का आणि मी दोघी पलंगाकडे धावलो.

“ते.”

आम्ही विचारलं, काय आई? काय हवं, आत्या? तू डावा हात उचललास, हवेत कुठेतरी दाखवलंस. “ते.”

नंतर आम्ही दोघींनी जे केलं ते तुझ्या घरातली माणसंच करू शकतात. अक्का तुला चष्मा द्यायला निघाली आणि मी तिला अडवलं. म्हटलं, चष्मा तो. आत्या मेली तरी चष्म्याला ते म्हणणार नाही. असंच बोलले, तोंडातून गेलं. अक्काला पटलं. काठी ती, म्हणून काठी बाद. रेडिओ तो, म्हणून रेडिओ बाद. मग आम्ही घरभर नपुंसकलिंगी वस्तू शोधत हिंडलो. पांघरूण आणलं. घड्याळ आणलं. तुझं पुस्तक, दूध, औषध, भिंतीवरचं कॅलेंडर, अण्णांचं पाकीट. तू एकेका वस्तूकडे बघायचीस, शाळेतल्या ढ पोराकडे बघावं तशी, आणि मान फिरवायचीस. अक्काला हसू आलं, मलाही आलं. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मला ते उशिरा सुचलं, पण सुचलं. गाडी चालवताना एकदम डोक्यात आलं आणि मी पुढच्याच सुट्टीला तडक देवनहळ्ळी गाठली. तुला पातळ काही द्यायचं नाही, घोट श्वासनलिकेत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रत्येक गोष्ट पावडर घालून दाट करायची आणि चमच्याने भरवायची. मी चहा केला, चांगला आलं घालून, आणि त्यात ती पावडर ढवळली. खळीसारखं काहीतरी झालं. मी चमचा तुझ्या ओठांशी नेला, कानाजवळ वाकले आणि म्हटलं, “आत्या, ते?”

तुझा अर्धा चेहरा हसला. ते मी पाहिलं, शपथेवर सांगते. तू चमचा तोंडात घेतलास. मग डाव्या हाताने माझं मनगट बाजूला सारलंस, दाराकडे बघितलंस आणि म्हणालीस, “ते.”

आता याचा मी काय अर्थ लावू? हसलीस, म्हणजे ओळखलंस. सारलंस, म्हणजे हा काही चहा नव्हे म्हणालीस. आणि तो नव्हताच, तुझं बरोबर होतं. की चहा हवाच नव्हता? मी किती उलटसुलट केलं हे. रस्त्यात, मीटिंगमध्ये, अंघोळ करताना. तू तर पुराव्याशिवाय काही मान्य करायची नाहीस, मग मला एवढा अर्धवट पुरावा देऊन का गेलीस?

अक्काला असला काही प्रश्न नव्हता. तिने आपलं उत्तर आधीच काढलं होतं. तू अण्णांचं नाव कधी घेतलं नाहीस. शाळेत इंग्रजी शिकवलीस, बँकेचे व्यवहार एकटीने केलेस, पण घरात ते म्हणजे ते. ते आले, ते जेवले, त्यांना विचार. अक्का म्हणाली, आई अण्णांना बोलावतेय. तिला त्यात धीर वाटत होता. तू गेलीस त्या सकाळीही ते म्हणालीस, दाराकडे बघून, आणि अक्काने तुझा हात धरून सांगितलं, आले गं आई, ते आले. मी पायाशी उभी होते. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगू, मला हेवाही वाटत होता. तो शब्द मला हवा होता. तू मुलीला घर दिलंस, दागिने दिलेस, जन्म दिलास. मला तो एक शब्द ठेवायला काय हरकत होती?

तेराव्याला आमचं वाजलं. मोठं भांडण नाही, तुझ्या घरात आवाज चढवत नाहीत. अक्काने तुझ्या फोटोशेजारी अण्णांचा फोटो आणून ठेवला आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, आई शेवटपर्यंत अण्णांना हाक मारत होती. बायका डोळे पुसत होत्या. मी आत गेले, चहा केला, तुझ्या पेल्यात ओतला आणि तुझ्या फोटोपुढे ठेवला. अक्काने तो उचलला. “मुंग्या येतील,” म्हणाली. मी परत ठेवला. तिने परत उचलला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गॅलरीत निघून गेले. तिथून नवे प्लॉट दिसतात, लाल मातीत आखलेले, मधे कुणाची तरी राहिलेली द्राक्षबाग. मी येरझारा घालत होते.

माणसं गेल्यावर अक्का गॅलरीत आली. काय झालंय तुला, विचारलं. मग मी सगळं सांगितलं. डच, फुजियान, मोबाइलमधली बाई, आपले रविवार. शेवटी म्हटलं, अक्का, तुला दुखवायचं नाही, पण मला वाटतं आत्या चहा मागत होती. आमच्यातला शब्द होता तो.

ती कठड्याला टेकून खालच्या प्लॉटांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा मला घरी पाठवेल. ती हसली, आत्या. अगदी तुझ्यासारखी, पदर डोळ्यांना लावून.

“तुमच्यातला?” ती म्हणाली. “अगं, तो माझा शब्द आहे. मी केलाय तो.”

अक्का लहान असताना तुम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचात. सकाळी तुला शाळेची घाई. तू अक्काच्या वेण्या घालत बसायचीस आणि तिला विचारायचीस, ते आले का बघ गं. आणि स्वयंपाकघराच्या दारातून अण्णा पेला घेऊन यायचे. रोज तेच. अक्काने आपल्या बुद्धीने हिशेब लावला की ते म्हणजे पेल्यातलं. बाहेर सगळे टी म्हणतात, आपल्या मराठीत ते म्हणत असतील. मग एकदा अण्णांचे मराठी साहेब घरी आले आणि तिने समोर जाऊन, दोन वेण्या उडवत, शहाण्यासारखं विचारलं, “तुम्हाला ते हवं का?” साहेबांना कळेना. अण्णांनी हसू दाबायला तोंड फिरवलं. तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून हसत होतीस.

“त्यानंतर आई-अण्णा दोघं असले की टीला ‘ते’च म्हणायचे,” अक्का म्हणाली. “माझी थट्टा म्हणून सुरू झालं, मग त्यांचंच होऊन गेलं. अण्णा गेले आणि तो शब्द बंद झाला. मी त्यानंतर आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.”

मी ऐकला होता, दर रविवारी. आणि ती मोबाइलमधली चिनी बाई “ते” म्हणाली तेव्हा तू पदराने काय पुसत होतीस, ते मला आता कळतंय. मी बटण दाबत होते आणि तुझं बंद झालेलं घर कुणीतरी हजारो कोसांवरून उघडत होतं. आणि तू मला त्यातलं अक्षरही सांगितलं नाहीस. मी एवढी तावातावाने बोलायचे, तुला हरवायला बघायचे, आणि तू मला तुझ्या संसारातला तो शब्द वापरू दिलास, जणू आत्ताच सापडला असावा तसा. मी भांडायचं ठरवून आले होते, आत्या. मला तुझे पाय धरावेसे वाटले.

पण चैन पडलं म्हणशील तर नाही. मग तू शेवटी काय मागत होतीस? अक्काला विचारलं तर ती म्हणते, सकाळी ते एकत्रच यायचे, अण्णा आणि टी, आईने वेगळं कशाला करायचं. तिचं समाधान झालं. माझं होत नाही. तुझंही झालं नसतं, तू चष्मा वर चढवून म्हणाली असतीस, हे फार सोयीचं उत्तर आहे. कदाचित तिसरंच काही होतं, ते आम्ही आणलंच नाही. कदाचित तू इंदिरानगरचं घर मागत होतीस, घरही ते. आणि तो ‘ह’, तो तर राहिलाच. आता कुणाशी भांडू मी? अक्काला असल्या गोष्टींत रस नाही. खालचा वॉचमन इकडच्या रीतीने मलाही अक्काच म्हणतो, रोज विचारतो, “टी आयिता, अक्का?” म्हणजे चहा झाला का, शब्दाला शब्द. तूच दाखवलं होतंस हे. मी आयितु, झाला, म्हणते आणि जिना चढते, आणि कळतं की झालेला नाही.

त्या दिवशी गॅलरीत मी अक्काला हे सगळं सांगत सुटले होते. ह, फारसी, पोर्तुगीज, दाट केलेला चहा, दाराकडे बघणं. हात हलवत होते. अक्का मधेच उठून आत गेली. तिने दोन पेले आणले, एक कठड्यावर माझ्यापुढे ठेवला. मी बोलतच होते. ती आपला पेला संपवत आली, तरी मी बोलत होते. शेवटी तिने माझा पेला बोटाने माझ्याकडे सरकवला.

“ते निवतंय,” म्हणाली.

हे तिला कुणी शिकवलं, ते मी विचारलं नाही. पेला उचलला आणि प्याले. निवलं होतं, आत्या, पण गोड होतं, दात शिवशिवतील इतकं.